कापसाच्या गंजीतील तापमानासाठी फायबरमध्ये ग्रेटिंग : फेम्टोसेकंद लेसरने ती कशी लिहावी

यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांतील जिनिंगच्या आवारांत हंगाम सुरू झाला की कापसाच्या गंजी आणि सरकीचे ढीग उभे राहतात. मालात ओल राहिली असेल तर ढिगाच्या आतल्या थरांत उष्णता साचत जाते आणि बाहेरून हात लावून ती कळत नाही. धूर दिसू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आत तापमापक ठेवायचा तर विजेच्या तारा त्या ढिगात न्याव्या लागतात, आणि जिथे हवेतसुद्धा रुईची भुकटी तरंगत असते तिथे विजेची तार नेणे शहाणपणाचे नाही. काचेच्या फायबरमध्ये लिहिलेली ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत फिरवणारी सूक्ष्म बदलांची रांग, या कामाला योग्य ठरते, कारण मोजण्याच्या जागी वीज अजिबात नसते. आत जातो तो प्रकाश आणि परत येतो तोही प्रकाशच. शिवाय एकाच फायबरवर वेगवेगळ्या तरंगलांबीच्या अनेक ग्रेटिंग लिहिल्या, तर गंजीच्या निरनिराळ्या खोलीवरचे तापमान एकाच वेळी वाचता येते.

अशी ग्रेटिंग फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अत्यंत अल्पकाळ टिकणारे प्रकाशाचे स्पंद सोडणाऱ्या लेसरने, कशी लिहावी, याची पद्धत या लेखात क्रमाने दिली आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांचे भौतिकशास्त्राचे शिक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि गावोगावी फायबर जोडण्याचे काम करणारे तंत्रज्ञ यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. असा लेसर तालुक्याच्या महाविद्यालयात नसतो. तो मोठ्या संशोधन संस्थेत असतो आणि तिथे यंत्रावर वेळ मागून घ्यावा लागतो. मात्र फायबर निवडणे, सोलणे, जोडणे, तपासणे, नळीत बसवणे आणि तापमानाशी जुळवून घेणे हा कामाचा मोठा भाग आपल्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. यंत्रावर मिळालेले मोलाचे तास वाया जातात ते बहुतेक वेळा तयारीतील उणिवांमुळे. ग्रेटिंग बिघडण्याचे कारण लेसरमध्ये क्वचितच सापडते. फायबर सरळ बसलेला नसतो किंवा त्याचा गाभा नेमका सापडलेला नसतो. म्हणून या दोन गोष्टींना पुढे सर्वांत जास्त जागा दिली आहे.

ग्रेटिंगचे गणित

दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या एकमोड फायबरचा बाहेरचा काचेचा व्यास 125 मायक्रोमीटर असतो आणि त्याच्या मधोमध सुमारे 8 मायक्रोमीटर व्यासाचा गाभा असतो. प्रकाश मुख्यतः या गाभ्यातून वाहतो. गाभ्याच्या लांबीत ठरावीक अंतरावर काचेचा अपवर्तनांक थोडा थोडा बदलला, तर प्रत्येक बदलाच्या जागी प्रकाशाचा अगदी लहानसा अंश मागे फिरतो. आणि हे मागे फिरलेले अंश ज्या एका तरंगलांबीसाठी एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवून येतात, तेवढी तरंगलांबी परत येते व बाकीचा प्रकाश पुढे निघून जातो. ही तरंगलांबी काढण्यासाठी फायबरचा परिणामी अपवर्तनांक आणि दोन बदलांमधील अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची आणि तिला ग्रेटिंगच्या कोटीने, म्हणजे पहिल्या कोटीसाठी 1 ने व दुसऱ्या कोटीसाठी 2 ने, भागायचे. परिणामी अपवर्तनांक 1.447 धरला तर 1550 नॅनोमीटरसाठी पहिल्या कोटीत हे अंतर सुमारे 535.6 नॅनोमीटर येते आणि दुसऱ्या कोटीत सुमारे 1071 नॅनोमीटर. नव्याने शिकणाऱ्याने दुसरी कोटीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या कोटीत शेजारशेजारचे ठिपके, म्हणजे लेसरने काचेत केलेले हे बदल, एकमेकांत मिसळण्याची भीती असते. दुसऱ्या कोटीत ते सुटे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजताही येतात.

तापमान वाढले की काचेचा अपवर्तनांक वाढतो, काच किंचित प्रसरणही पावते, आणि 1550 नॅनोमीटरच्या आसपास परत येणारी तरंगलांबी दर अंश सेल्सियसला सुमारे 10 पिकोमीटरने सरकते. ताणामुळेही ती सरकते: फायबरच्या लांबीत दहा लाखात एक भाग वाढ झाली तर सुमारे 1.2 पिकोमीटर. म्हणजे नळीत बसवताना दहा लाखात दहा भाग एवढा नकळत ताण राहिला, तरी तापमानाच्या वाचनात एक अंशाहून अधिक चूक शिरते. हे आकडे सुरुवातीलाच लक्षात ठेवावेत, कारण शेवटची बांधणी त्यांच्यावरच ठरते.

हाच लेसर का

फायबरमध्ये ग्रेटिंग तयार होऊ शकते हे 1978 मध्ये कॅनडातील ओटावा येथे केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. 1989 मध्ये मेल्ट्झ, मोरे आणि ग्लेन यांनी अतिनील प्रकाशाच्या दोन किरणांचा व्यतिकरण नमुना फायबरवर बाजूने पाडून ती लिहिण्याची पद्धत दिली. अतिनील पद्धतीला प्रकाशाला प्रतिसाद देणारा, म्हणजे जर्मेनियमयुक्त गाभ्याचा फायबर लागतो, अनेकदा तो आधी हायड्रोजनच्या दाबाखाली ठेवावा लागतो, आणि लिहिलेली ग्रेटिंग जास्त उष्णतेत पुसली जाते. फेम्टोसेकंद लेसरने ही बंधने दूर केली. 2003 मध्ये ओटावा येथीलच मिहायलोव्ह यांच्या गटाने अवरक्त फेम्टोसेकंद लेसर व फेज मास्क (प्रकाशाचा पट्ट्यांचा नमुना पाडणारी बारीक खाचांची काच) वापरून, आणि 2004 मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातील मार्टिनेझ व सहकाऱ्यांनी एकेक ठिपका लिहून, साध्या दूरसंचार फायबरमध्ये ग्रेटिंग केल्या.

800 नॅनोमीटरचा प्रकाश काचेतून एरवी आरपार जातो, कारण काचेतील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी सुमारे 9 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते आणि या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये ती 1.55 इलेक्ट्रॉनव्होल्टच असते. पण शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकणारा स्पंद बारीक बिंदूवर आणला की तेथील तीव्रता इतकी वाढते की सहा फोटॉन एकाच वेळी शोषले जातात. 515 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला हेच चार फोटॉनमध्ये साधते. हे शोषण फक्त नाभीवरच होते. नाभीच्या वर किंवा खाली तीव्रता पुरेशी नसल्याने तिथल्या काचेला काहीही होत नाही. म्हणूनच वरच्या आवरणाला धक्का न लावता आतल्या गाभ्यात लिहिता येते, आणि फायबरवरचा प्लॅस्टिकचा लेप पारदर्शक असेल तर त्याच्या आतूनही.

फायबर आणि त्याची तयारी

गावापर्यंत आलेल्या केबलमध्ये असतो तो जी.652 वर्गाचा एकमोड फायबर सरावासाठी उत्तम आहे. केबल जोडणाऱ्यांकडे त्याचे एक-दोन मीटरचे तुकडे सहज मिळतात आणि ते कचऱ्यात जाण्यापेक्षा आपल्या कामी आलेले बरे. फक्त दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. एक, केबलमधल्या नळीत फायबरभोवती जेली भरलेली असते; ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन, त्या फायबरच्या लेपावर ओळखीसाठी निळा, नारिंगी, हिरवा असा रंग असतो आणि त्या रंगाच्या थरातून लेसर स्वच्छ जात नाही, त्यामुळे असा फायबर सोलूनच वापरावा लागतो. लेपातून लिहायचे असेल तर बिनरंगी लेपाचा फायबर स्वतंत्र विकत घ्यावा. नेहमीचा ॲक्रिलेट लेप सुमारे 85 अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकतो, पॉलिइमाइड सुमारे 300 अंशांपर्यंत. गंजीच्या कामासाठी ॲक्रिलेट चालतो.

सोलण्याची लांबी ग्रेटिंगच्या लांबीपेक्षा दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जास्त ठेवावी, अधिक नको, कारण उघडी काच म्हणजे फायबरची दुबळी जागा. स्ट्रिपर एकाच दिशेने, एकाच दाबाने ओढावा आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवू नये. नंतर अल्कोहोलने भिजवलेला, धागे न सोडणारा कागद फायबरवर धरून एकदाच ओढावा. आपल्या भागात हंगामाच्या दिवसांत कपड्यांवर, बाहीवर, खिडकीच्या कडेवर रुईचे तंतू असतातच, आणि सुती फडक्याने पुसले तर ते आपणच फायबरवर लावतो. सूक्ष्मदर्शकाखाली असा तंतू चटकन ओळखू येतो: फायबरच्या सरळ कडेवर आडवा पडलेला, मध्येच पिळलेला, चपटा आणि कडांशी चमकणारा धागा. तो लेसरच्या वाटेत आला तर त्याच्या सावलीतले ठिपके फिके पडतात किंवा उमटतच नाहीत, आणि मग मोजमापात दोष शोधत बसण्यात वेळ जातो. तयारीची खोली जिनिंगपासून दूर असावी आणि काम चालू असताना पंखा बंद ठेवावा.

तयार तुकड्यांना दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या शेपट्या (फायबरचे छोटे तुकडे) फ्यूजन स्प्लायसरने, म्हणजे काच वितळवून फायबर जोडणाऱ्या यंत्राने, आधीच जोडून ठेवाव्यात. यंत्रावर गेल्यावर जोडणी करत बसणे परवडत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या डबीत, क्रमांकासह, सैल गुंडाळून न्यावा.

फायबर बसवणे

लेसरच्या टेबलावर हवेवर तरंगणारे किंवा तितकेच अचूक असे तीन दिशांना सरकणारे स्टेज असते. त्यावर एक सपाट पट्टी बसवून तिच्या दोन टोकांना फायबर धरणाऱ्या पकडी लावतात. एक पकड आवळल्यानंतर दुसऱ्या टोकाला 10 ग्रॅमच्या आसपासचे वजन लटकवून फायबर ताणावा आणि मगच दुसरी पकड आवळावी. हाताने अंदाजे ताणू नये. 125 मायक्रोमीटरच्या काचेत 10 ग्रॅम वजनाने दहा लाखात सुमारे 110 भाग एवढा ताण येतो आणि पकड सोडल्यावर परत येणारी तरंगलांबी सुमारे 0.13 नॅनोमीटरने खाली येते. दर वेळी तेच वजन वापरले तर ही घट आधीच हिशेबात धरता येते. हाताच्या अंदाजावर सोडले तर प्रत्येक ग्रेटिंगचा आकडा वेगळा येतो. आवळताना फायबरला पीळ पडणार नाही याकडेही लक्ष असावे.

यानंतरचा प्रश्न फायबरच्या गोल पृष्ठभागाचा आहे. हवेतून आलेला किरण त्या वक्र काचेवर पडला की फायबर स्वतःच दंडगोल भिंगासारखा वागतो आणि नाभी एका दिशेने पसरते. त्यावर उपाय म्हणजे फायबर काचेच्या पट्टीवर टेकवून, त्याच्याभोवती काचेच्याच अपवर्तनांकाचा द्रव घालून, वर 0.17 मिलिमीटर जाडीची कव्हर-काच ठेवणे. वजनाने 90 टक्के ग्लिसरिन आणि 10 टक्के पाणी या मिश्रणाचा अपवर्तनांक सुमारे 1.458 असतो आणि शुद्ध सिलिकाचाही जवळजवळ तेवढाच, त्यामुळे या मिश्रणात फायबरची बाहेरची कड जवळपास दिसेनाशी होते. ती दिसेनाशी झाली की मिश्रण जमले असे समजावे. ग्लिसरिन हवेतील पाणी ओढून घेते. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी ठेवलेली बाटली दोन दिवसांत कामातून जाते, म्हणून मिश्रण थोडे करावे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. कव्हर-काचेखाली हवेचा बुडबुडा राहिला असेल तर काच उचलून पुन्हा ठेवावी. बुडबुडा ढकलून बाजूला नेण्याच्या प्रयत्नात फायबर हलतो.

कव्हर-काचेच्या वर ऑइल-इमर्शन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे तेलाच्या थेंबातून पाहणारे सूक्ष्मदर्शकाचे भिंग, येते. त्याचे संख्यात्मक छिद्रमान (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो याचे माप) 1.25 किंवा त्याहून जास्त असले की ठिपका एक मायक्रोमीटरपेक्षा लहान मिळतो आणि दुसऱ्या कोटीचे 1071 नॅनोमीटरचे अंतर आरामात सांभाळता येते. अशा ऑब्जेक्टिव्हचे पुढचे अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढेच असते, म्हणून ते खाली आणताना स्क्रीनवर नजर ठेवून अगदी सावकाश आणावे.

गाभा शोधणे

सगळ्या कामाचे यश या टप्प्यावर अवलंबून आहे, आणि मिळालेल्या वेळेचा निम्मा भाग इथे गेला तरी तो योग्य जागी गेला असे मी म्हणेन. कॅमेऱ्यावर आधी फायबरची वरची कड स्पष्ट करावी, मग नाभी हळूहळू खाली न्यावी. सुमारे 60 मायक्रोमीटर खाली गेल्यावर दोन फिक्या, समांतर रेषा दिसू लागतात. त्या गाभ्याच्या कडा आहेत. प्रकाशयोजना जरा तिरपी केली तर त्या अधिक ठळक होतात. आडव्या दिशेने या दोन रेषांच्या बरोबर मध्ये लेसरची खूण आणणे सोपे आहे. अवघड आहे ती खोली, कारण त्या रेषा तीन-चार मायक्रोमीटर वरखाली केले तरी जवळजवळ तशाच दिसतात.

खोलीसाठी खात्रीची पद्धत अशी. रद्दी तुकड्यावर अर्धा-अर्धा मिलिमीटर लांबीच्या छोट्या ग्रेटिंग लिहाव्यात, प्रत्येकीची खोली आधीच्यापेक्षा एक मायक्रोमीटर जास्त ठेवावी आणि प्रत्येकीचे अंतरही जरा वेगळे ठेवावे, म्हणजे त्यांच्या तरंगलांब्या वर्णपटात सुट्या दिसतील. ज्या खोलीला परावर्तन सर्वांत जास्त मिळते तीच गाभ्याच्या मध्याची खोली. हा आकडा त्या दिवसाच्या बैठकीपुरता खरा मानावा. ऑब्जेक्टिव्ह किंवा द्रव बदलला की तो नव्याने काढावा लागतो.

आता फायबरचा कल. 5 मिलिमीटरची ग्रेटिंग लिहायची तर सुरुवात, मध्य आणि शेवट या तीन जागी गाभ्याची आडवी व उभी जागा नोंदवावी. स्टेजच्या हालचालीशी फायबर अगदी समांतर कधीच नसतो. दोन टोकांत फरक असेल आणि मधली नोंद त्यांच्या सरळ रेषेवर बसत असेल, तर तो कल संगणकाच्या आज्ञावलीत घालून स्टेजला तिरप्या रेषेत चालवता येते. मधली नोंद रेषेबाहेर असेल तर फायबर वाकलेला आहे. तो सोडून पुन्हा बसवावा, आज्ञावलीत खटपट करू नये. दुरुस्तीनंतर संपूर्ण लांबीभर गाभ्याच्या मध्यापासूनचा फरक अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत असावा. ठिपके मध्यापासून सरकले तर परावर्तन कमी होते आणि प्रकाश गाभ्यातून निसटून आवरणात जातो. वर्णपटात मुख्य तरंगलांबीच्या डाव्या, म्हणजे लहान तरंगलांबीच्या बाजूला खड्ड्यांची रांग दिसू लागते. ती रांग दिसली की लेसरची ऊर्जा बदलत न बसता गाभ्याची जागा पुन्हा तपासावी.

ऊर्जा आणि गती

एका स्पंदाची ऊर्जा मोजण्यासाठी ऑब्जेक्टिव्हनंतरची सरासरी शक्ती मोजून तिला स्पंदांच्या वारंवारतेने भागावे. 1 किलोहर्ट्झला 0.15 मिलिवॅट म्हणजे 150 नॅनोज्यूल. रद्दी तुकड्याच्या आवरणात, गाभ्यापासून दूर, 50 नॅनोज्यूलपासून सुरू करून थोडी थोडी ऊर्जा वाढवत लहान रांगा लिहाव्यात. ज्या ऊर्जेला पहिल्यांदा सुटे, सारख्या आकाराचे ठिपके दिसतात तिच्यापेक्षा जरा वरची ऊर्जा निवडावी. ठिपके वेडेवाकडे आणि काळपट होऊ लागले की मर्यादा ओलांडली असे समजावे. एका स्पंदात एक ठिपका या पद्धतीत बहुधा सूक्ष्म पोकळी आणि तिच्याभोवती दबलेली काच असा बदल होतो. हा बदल सुमारे 1000 अंशांपर्यंत टिकतो, पण प्रकाश थोडा विखुरतो. एकाच फायबरवर अनेक ग्रेटिंग ओळीने हव्या असतील, तर विखुरण्याने होणारी तूट साठत जाते, म्हणून ऊर्जा गरजेपुरतीच ठेवावी.

गतीचा हिशेब शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला लगेच कळतो. टोकण पद्धतीने कपाशी लावताना चाल सारखी आणि हात सारखा पडला की दोन झाडांतले अंतर आपोआप सारखे येते. इथे चाल स्टेजची आणि हात लेसरच्या स्पंदाचा. स्टेजची गती म्हणजे ठिपक्यांतील अंतर गुणिले स्पंदांची वारंवारता. 1071 नॅनोमीटर अंतर आणि 1 किलोहर्ट्झ वारंवारता असेल तर गती सेकंदाला 1.071 मिलिमीटर, आणि 5 मिलिमीटरची ग्रेटिंग पाच सेकंदांच्या आत लिहून होते. दुसऱ्या कोटीत अंतर एका नॅनोमीटरने बदलले की तरंगलांबी सुमारे 1.45 नॅनोमीटरने बदलते: 1.070 मिलिमीटर गतीला 1548.3, 1.072 ला 1551.2. म्हणून गतीच्या चौथ्या अंकालाही महत्त्व आहे. ज्या यंत्रावर स्टेजच्या जागेनुसार लेसरला इशारा देऊन स्पंद सोडण्याची सोय आहे तिथे ती जरूर वापरावी. गतीतील लहान चढउतार मग अंतरात उतरत नाहीत. तशी सोय नसेल तर स्टेजला मिलिमीटरभर आधीपासून धावू द्यावे आणि गती स्थिर झाल्यावरच शटर उघडावे.

पाच ग्रेटिंगची माळ करायची तर 1530 ते 1560 नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्या साधारण सात-आठ नॅनोमीटरच्या फरकाने बसवता येतात. फायबरचा परिणामी अपवर्तनांक तरंगलांबीनुसार किंचित बदलतो, म्हणून पहिली ग्रेटिंग लिहून तिची खरी तरंगलांबी मोजावी, त्यावरून अपवर्तनांक काढावा आणि मग पुढच्या गती ठरवाव्यात.

ठिपक्यांऐवजी गाभ्याला आडव्या छेदणाऱ्या छोट्या रेषाही लिहिता येतात. रेषा संपूर्ण गाभा व्यापते, त्यामुळे परावर्तन चांगले मिळते आणि मध्य थोडा चुकला तरी निभावते. मात्र 5 मिलिमीटरसाठी साडेचार हजारांहून अधिक रेषा लागतात आणि त्याला काही सेकंदांऐवजी पंधरा-वीस मिनिटे जातात. तेवढ्या वेळात खोलीचे तापमान हलले तर स्टेज आणि फायबर दोन्ही सरकतात. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना वातानुकूलन यंत्र चालू-बंद होत राहते आणि हा परिणाम स्पष्ट दिसतो. शक्य असेल तर असे लांबलचक काम हिवाळ्यात किंवा रात्री उशिरा लावावे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. हा चौथ्या वर्गाचा लेसर आहे, 800 किंवा 1030 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना जवळजवळ किंवा अजिबात दिसत नाही, आणि भिंतीवरून परतलेला प्रकाशही डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्या तरंगलांबीचा चष्मा लावल्याशिवाय खोलीत कोणीही जाऊ नये, हातातील अंगठी-घड्याळ बाहेर काढून ठेवावे, आणि फायबरचे तुटके तुकडे झाकणाच्या डबीतच टाकावेत; त्वचेत शिरलेला तुकडा दिसत नाही आणि सहज निघतही नाही.

लिहिताना पाहणे

रुंद वर्णपटाचा प्रकाशस्रोत सर्क्युलेटरच्या (प्रकाशाला एका तोंडातून पुढच्याच तोंडाकडे नेणाऱ्या जोडणीच्या) पहिल्या तोंडाला, आपला फायबर दुसऱ्याला आणि ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे वर्णपट दाखवणारे यंत्र, तिसऱ्याला जोडावे. फायबरचे मोकळे टोक सपाट कापलेले असेल तर तिथूनच सुमारे साडेतीन टक्के प्रकाश परततो आणि कमजोर ग्रेटिंग त्यात झाकून जाते, म्हणून ते टोक ग्लिसरिनच्या थेंबात बुडवावे. शक्य असेल तेव्हा पलीकडे गेलेला प्रकाशही पाहावा. त्यातील खड्डा 3 डेसिबल खोल असेल तर परावर्तन सुमारे 50 टक्के, 10 डेसिबल असेल तर 90 टक्के. तापमान मोजण्यासाठी 3 डेसिबल पुरेसे आहे. अधिकच्या हव्यासाने तूट वाढते. शिखराची रुंदी लांबीवर ठरते: कमजोर ग्रेटिंग 10 मिलिमीटरची असेल तर सुमारे 0.08 नॅनोमीटर, 2 मिलिमीटरची असेल तर सुमारे 0.4. शिखर एक न दिसता फुटलेले दिसले तर ताण लिहिताना बदलला किंवा मध्येच स्पंद चुकले, असे समजून तो तुकडा बाजूला ठेवावा.

उष्णता देणे, नळीत बसवणे, जुळवणे

लिहिल्यानंतर काचेत काही अस्थिर बदल शिल्लक असतात आणि ते पुढे हळूहळू विरत गेले तर तरंगलांबी सरकते. म्हणून उघडा भाग, लेपाला झळ लागू न देता, वापराच्या तापमानापेक्षा बराच वर, आपल्या कामासाठी 200 अंशांवर, काही तास ठेवून मग थंड करावा आणि तरंगलांबी पुन्हा नोंदवावी.

नळीसाठी सुईच्या जातीची बारीक स्टेनलेस पोलादाची नळी घ्यावी. फायबर एकाच टोकाला चिकटवावा आणि ग्रेटिंगचा भाग नळीत सैल राहू द्यावा. माळेतल्या मधल्या ग्रेटिंगच्या बाबतीत फायबर नळीच्या दोन्ही टोकांतून जातो. तिथे नळीच्या आत थोडी ढील ठेवून मग दोन्ही बाजू बंद कराव्यात. ढील न ठेवता दोन्ही बाजूंना ताणून चिकटवले, तर पोलादाचे प्रसरण दर अंशाला दहा लाखात सुमारे 16 भाग असल्याने प्रतिसाद दर अंशाला 10 ऐवजी 28-29 पिकोमीटर होतो. आकर्षक वाटणारा हा वाढीव प्रतिसाद गोंद सैल झाला की विश्वास ठेवण्याजोगा राहत नाही. सबब गंजीसाठी सैल बांधणीच करावी. नळीबाहेरच्या फायबरला केबलचे जाड आवरण द्यावे, कारण गंजी रचताना आणि मोडताना मजुरांचे पाय व अवजारे त्यावर पडणारच.

जुळवणीसाठी बर्फाचे पाणी, कोमट पाणी आणि उकळते पाणी पुरेसे आहे. आपला भाग समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंचावर असल्याने पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच, सुमारे 99 अंशांना उकळते. तरीही उकळत्या पाण्याला गृहीत धरून न चालता खात्रीचा तापमापक नळीला बांधूनच बुडवावा. प्रत्येक तापमानाला वाचन स्थिर होऊ द्यावे, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा नोंद घ्यावी, आणि दोन्हींत 5 पिकोमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर नळीत फायबर कुठेतरी अडकतो आहे असे समजून ती बांधणी उघडावी. 1 पिकोमीटरपर्यंत वाचणारा इंटरोगेटर (ग्रेटिंगची तरंगलांबी वाचणारे यंत्र) असेल तर तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत कळते, आणि गंजीसाठी एवढ्या बारकाईचीही गरज नसते; महत्त्वाचे असते ते कालच्यापेक्षा आज आतला थर किती तापला हे.

प्रत्येक ग्रेटिंगच्या नळीवर क्रमांक कोरावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे लिहितानाची गती, ऊर्जा, खोली, लटकवलेले वजन, उष्णता देण्यापूर्वीची व नंतरची तरंगलांबी, 25 अंशांवरचे वाचन आणि दर अंशाचा प्रतिसाद एवढे लिहून ठेवावे. माळ गंजीत उतरवण्याच्या दिवशी सगळ्या ग्रेटिंग सावलीत एकाच ठिकाणी तासभर ठेवून वाचाव्यात. ज्या ग्रेटिंगचे तापमान इतरांशी जुळत नाही ती वाहतुकीत ताणली गेली आहे, आणि ती त्याच दिवशी बदलावी, कारण गंजी रचून झाल्यावर तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही.